दवाखान्यातून लेखाशीर्षाकडे : नवशिक्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका

वय चाळीस ते पंचावन्न. एमबीबीएस किंवा त्याच्यापुढचं काही. नाहूर पश्चिमेला स्वतःचा गाळा, गाळ्याचं कर्ज फिटलेलं, आणि रात्री साडेनऊला शटर ओढताना ‘हे असं अजून किती वर्षं’ हा प्रश्न पडू लागलेला. असे जे कोणी डॉक्टर असतील त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांचं कर्ज अजून फिटायचंय त्यांनी इथेच थांबावं. आरोग्य धोरणात पैसा पुष्कळ आहे, पण तो सगळा दुसऱ्यांच्या नावावर असतो.

लेखक डॉक्टर नाही. सरकारी हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढून निवृत्त झालेला नाहूरकर आहे. धोरणात उतरणाऱ्या डॉक्टरांना वाटतं, आपली पहिली गाठ सचिवांशी पडणार. ती पडते माझ्यासारख्याशी. तेव्हा पुढच्या सूचना टेबलाच्या या बाजूने दिलेल्या आहेत हे ध्यानात ठेवून वाचाव्यात.

पूर्वतपासणी

आधी स्वतःला तपासा. नुसता कंटाळा आला असेल तर चार दिवस कोकणात जाऊन या, धोरणाच्या वाटेला जाऊ नका. खरं लक्षण तुमच्या केबिनमध्ये सापडत नाही, शेजारच्या केमिस्टच्या काउंटरवर सापडतं.

एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटं तिथे उभे राहा. तुमच्याकडून निघालेली बाई चिठ्ठी पुढे करते. समोरच्या टॉवरमध्ये तीन घरची कामं करणारी. केमिस्ट गोळ्या काढतो. ‘किती होतील?’ आकडा ऐकून ती म्हणते, ‘दोन दिवसाच्याच द्या. बरं वाटलं तर नकोतच.’ केमिस्ट कात्री घेतो, स्ट्रिप कापतो. एक्स्पायरीची तारीख छापलेला तुकडा दुकानात राहतो, बिनतारखेचा तुकडा बाईच्या पाकिटात जातो. तुमच्या केसपेपरवर पाच दिवसांचा कोर्स, तिच्या पोटात दोन दिवसांचा. आठवड्याने ती परत येते, आणि तुम्ही औषध लागू पडलं नाही असं समजून जास्त जोराचं लिहून देता.

हे पाहून केमिस्टचा राग आला तर तुम्ही चांगले डॉक्टर आहात. बाईचा राग आला तर तुम्ही दमलेले डॉक्टर आहात. पण ‘उरलेल्या तीन दिवसांचे पैसे कोणी द्यायला हवे होते?’ असा प्रश्न पडला, तर केस हाताबाहेर गेलेली आहे. पुढे वाचा.

साहित्य

लोकलचा पास. जलद गाडी नाहूरला थांबत नाही, त्यामुळे प्रवास धिम्या गाडीनेच होईल. पुढच्या आयुष्याची ती सवय समजा. कॅल्क्युलेटर, वाचायचा चष्मा, जेवणाचा डबा. पांढरा कोट घरी ठेवा. स्टेथोस्कोप मात्र पहिले सहा महिने बॅगेत असू द्या, कारण शिपायापासून उपसचिवांपर्यंत सगळ्यांचं बीपी वाढलेलं असतं आणि कॉरिडॉरमध्ये कोणी ना कोणी तुम्हाला थांबवतंच. तुमची नस्ती, म्हणजे फाइल, वेळेआधी पुढे सरकली, तर त्याचं कारण तिच्यातला युक्तिवाद नसून हे बीपी आहे, असं खुशाल धरून चाला.

पायरी पहिली : पुन्हा विद्यार्थी व्हा

नाहूरला बसायचं, कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची आणि गोवंडीला उतरायचं. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, १९३६ सालची. आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त असा एमपीएचचा अभ्यासक्रम तिथे चालत आलेला आहे. तिथून जवळच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी देशभराची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पार पाडते. म्हणजे नाहूरच्या माणसाला या विद्येसाठी परदेशी विद्यापीठाचं नाव काढायची गरज नाही. एक गाडी बदलली की झालं.

वर्गात तुम्ही वयाने सगळ्यांत मोठे असाल. शेजारी तेवीस वर्षांची अर्थशास्त्राची मुलगी बसेल, जिने आजवर कुणाची नाडी धरलेली नाही, आणि ती तुम्हाला केनेथ अ‍ॅरो समजावून सांगेल. या अ‍ॅरोने १९६३ साली लिहून ठेवलं की आजारपण कधी येईल ते ठाऊक नसतं, उपचार कितपत लागू पडेल ते पेशंटला कळत नाही, म्हणून औषधोपचाराचा बाजार भाजीबाजाराच्या नियमाने चालत नाही. हे तुम्हाला केमिस्टच्या काउंटरवर कळलेलंच होतं. पण परीक्षेत अ‍ॅरोचंच नाव लिहा.

इथे आकड्यांची ओळख होते. पेशंट जो पैसा स्वतःच्या खिशातून काढतो, तो देशाच्या एकूण आरोग्यखर्चात २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ साली ३९.४ टक्के, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सरकारचा खर्च त्याच काळात जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ वर आला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्के करायचं ठरवलं होतं. वर्गात यावर चर्चा होते. तुम्ही बोटं मोडत बसाल, कारण नाहूरच्या तुमच्या खुर्चीवरून खिशातल्या खर्चाचा तो आकडा कधी ३९ वाटलेला नाही. ही शंका वर्गात बोलून दाखवू नका. जपून ठेवा, पुढे लागेल.

‘डॉक्टर म्हणून माझं मत’ अशी सुरुवातही टाळा. या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पहिला मोठा आराखडा १९४६ साली आला, तो ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, नोकरी आयसीएसची. डॉक्टर नव्हते. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारला जाऊ नये, हे तत्त्व त्या अहवालाच्या मुळाशी आहे.

पायरी दुसरी : कार्यालय शोधा

रुग्णालयाच्या वासाला विटून तुम्ही धोरणाकडे निघालात. आता पत्ते लिहून घ्या. राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलात. आरोग्य सेवा संचालनालयाचं आरोग्य भवन सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. आणि सरकारी आरोग्य योजनेचे पैसे जिथून वाटले जातात ती राज्य आरोग्य हमी सोसायटी वरळीच्या कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात, जीवनदायी भवनात. तिन्ही ठिकाणी आत शिरताना नातेवाइकांची तीच गर्दी, तोच फिनेल. फक्त आता कुणी तुम्हाला उठून वाट देणार नाही.

पायरी तिसरी : अर्थसंकल्प वाचा

ही पायरी सावकाश चढा. बहुतेक डॉक्टर इथेच घसरतात.

अर्थसंकल्प म्हणजे अर्थमंत्र्यांचं भाषण नव्हे. भाषण टीव्हीवर ऐकावं आणि विसरावं. तुम्हाला हव्यात त्या विभागवार मागण्यांच्या जाडजूड पुस्तिका. सार्वजनिक आरोग्य विभागाची मागणी क्रमांक आर-१. वैद्यकीय शिक्षणाची एस-१. आत मुख्य लेखाशीर्ष २२१०, म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. २२११, कुटुंब कल्याण. आणि इमारती वगैरेंसाठी ४२१०. इमारतीसाठी पैसे मिळाले आणि डॉक्टरसाठी मिळाले नाहीत, हे बातमीत तुम्ही वाचता तेव्हा इतकंच झालेलं असतं की ४२१० भरलं आणि २२१० रिकामं राहिलं. दोन्ही लेखाशीर्षं वेगवेगळी, एकातला पैसा सहजासहजी दुसऱ्यात जात नाही. म्हणून राज्यात जागोजागी नवी कोरी कुलूपबंद आरोग्य केंद्रं दिसतात. त्यात कुणाचा दुष्टावा शोधू नका.

प्रत्येक ओळीला रकाने असतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. नवशिका पहिला रकाना वाचतो आणि टाळ्या वाजवतो. मुरलेला माणूस दोन वर्षं थांबून शेवटचा वाचतो. मधल्या काळात काय होतं ते असं : तरतूद मंजूर होते, निधी टप्प्याटप्प्याने वितरित होतो, शेवटचा टप्पा मार्चच्या अखेरीस येतो आणि ३१ तारखेच्या रात्री आमच्यासारखी माणसं दिवे लावून बिलं पास करत बसतात. त्या रात्री खरेदी झालेल्या यंत्रांवर पुढे वर्षानुवर्षं प्लास्टिकचं आवरण असतं, कारण ती चालवणारा तंत्रज्ञ २२१० मध्ये असतो.

आता तुमच्या नाहूरच्या बाईचं बघू. ताप आला तर ती पालिकेच्या दवाखान्यात जाऊ शकते; वाढला तर मुलुंडला पालिकेच्या अगरवाल रुग्णालयात. हा पैसा पालिकेचा. २०२५-२६ साठी पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा आरोग्याचा. तिला जेजेला नेलं तर ती एस-१ ची पेशंट. गावी जाऊन ग्रामीण रुग्णालयात आजारी पडली तर आर-१ ची. नवरा कारखान्यात असेल आणि पगार बसत असेल तर कामगार विम्याची. एक बाई, चार मालक. पाचवा खासगी. म्हणजे तुम्ही.

पायरी चौथी

ही आपोआप होते. केस पांढरे होतात.

पायरी पाचवी : योजना समजून घ्या

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई शहर आणि उपनगर त्या आठांत होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचं कवच, ९७१ उपचार, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवायचं. २०१७ ला नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०२० च्या एप्रिलपासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. १ जुलै २०२४ पासून कवच पाच लाखांचं झालं आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. आता पांढऱ्या कार्डवालाही आत. कागदावर हे देशातल्या मोठ्या पावलांपैकी एक आहे, आणि मी ते कुचेष्टेने म्हणत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया घर गहाण न टाकता झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

पण तिची रचना बघा. पेशंट रुग्णालयात दाखल झाला की आरोग्यमित्र कागदपत्रं घेतो, पूर्वपरवानगी मागवली जाते, ठरलेलं पॅकेज मंजूर होतं. पेशंट खाटेवर असल्याचा फोटो लागतो. घरी सोडल्यावर दावा जातो, तपासला जातो, मग पैसे. सगळं यंत्र खाटेभोवती फिरतं. खाटेवर नसलेला पेशंट त्याला दिसत नाही.

तुमची बाई खाटेवर नाही. ती काउंटरवर उभी आहे. पाच लाखांचं कवच तिच्या पाकिटात आहे आणि तीन दिवसांच्या गोळ्यांना पैसे नाहीत. त्या गोळ्या न घेतल्यामुळे ती उद्या खाटेवर पोचली की मग तिच्यासाठी पॅकेज आहे.

याच्या उलट पद्धत तुमच्या शेजारीच उभी आहे. मुलुंडचं कामगार विमा रुग्णालय रोज दिसतं, पण त्यामागचा हिशेब कुणी पाहत नाही. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ ला कायदा झाला. आज मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, आणि त्यात साध्या तापाच्या गोळ्याही येतात. खाटेची अट नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुप ते मुलुंड कारखानेच कारखाने होते तेव्हा घरटी एक कामगार विम्याचं कार्ड असायचं. सिएटसारखा एखादा टिकला. कित्येकांच्या जागी टॉवर आले. टॉवरला लागतात वॉचमन, ड्रायव्हर, पार्सलवाले आणि कामवाल्या. महिना २१,००० पर्यंत पगाराचा वॉचमन ठेकेदाराने प्रामाणिकपणे नोंदवला तर आत. पार्सलवाला आणि कामवाली आजवर बाहेर. नाहूरची वस्ती वाढली आणि ओपीडीचा विमा आटला, तो असा. यावर प्रबंध लिहायचा असेल तर विषय मोफत घ्या.

पायरी सहावी : गुरू निवडा

फोटो लावण्यापुरते गुरू पुष्कळ आहेत. हिशेबासाठी मी तिघांची नावं सुचवीन.

डॉ. नोशीर अंतिया. जेजेमध्ये प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे सर्जन. कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त करता करता त्यांना दिसलं की दुखणं टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना प्राथमिक उपचार शिकवून पाहिले आणि १९७५ साली फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ काढली. याच संस्थेने १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या घराघरांतून आजारपणावरचा खर्च मोजून प्रसिद्ध केला. रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांचं ते काम. घरात जाऊन विचारल्याशिवाय खिशातला खर्च कळत नाही, हे आमच्या टेबलाला तेव्हा कळलं. कळून काय केलं, ते विचारू नका.

डॉ. अरुण गद्रे. लासलगावला वीसएक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवला, मग तो सोडून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेत आले. डॉ. अभय शुक्ल यांच्याबरोबर ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन खासगी वैद्यकीय धंद्याची आतली बाजू लिहिली. धंद्यातल्या माणसाने धंद्याबद्दल लिहिलं की कट प्रॅक्टिसचा आकडा अंदाजाने सांगावा लागत नाही.

आणि डॉ. अभय बंग. गडचिरोलीची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांचं त्याआधीचं एक काम जास्त आवडतं. रोजगार हमीच्या मजुराचं किमान वेतन सरकारी समितीने दिवसाला ४ रुपये काढलं होतं. बंगांनी मजुराला लागणाऱ्या कॅलरीपासून हिशेब नव्याने मांडला. तो आला १२ रुपये. डॉक्टरने येऊन आमची बेरीज चुकलेली दाखवावी, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्या टेबलावर आलेली मला माहीत नाही. पुढे १९८६ ला त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ उभी केली. ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. बारा वर्षांनी, २०११ ला, केंद्राने ती पद्धत आशांमार्फत देशभर घेतली. एका बाळाच्या घरभेटींचा आशाला मोबदला ठरला २५० रुपये. लॅन्सेट वैद्यकीय ग्रंथालयात मिळतो. पण तो २५० चा आकडा शासन निर्णयात आला, तेव्हा आशा घराबाहेर पडली. धोरण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर हा आकडा सांगा.

पायरी सातवी : पहिली टिपणी

तुम्ही उत्साहाने प्रस्ताव आणता : नाहूर-भांडुप-मुलुंडच्या असंघटित कामगारांना दवाखान्याबाहेरच्या औषधांचा खर्च मिळावा. सोबत बारा पानांची पार्श्वभूमी, त्यात व्हिएगस. (हो, तुम्ही ते घालालच. १८९६ च्या प्लेगचं मांडवीत निदान करणारे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस पुढे मुंबई पालिकेचे अध्यक्ष झाले, हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं असतं.) मी बारा पानं उलटून शेवटचं बघतो.

‘खर्च आवर्ती की अनावर्ती?’

‘म्हणजे, आजार काय एकदाच होतो का?’

‘आवर्ती. म्हणजे वित्त विभागाचे अभिप्राय लागतील. लेखाशीर्ष?’

‘ते तुम्ही सांगा ना.’

‘नाही. नवीन उघडायचं का?’

‘उघडा.’

‘मग नवीन बाब. लाभार्थी किती?’

‘पुष्कळ.’

इथे बोलणं थांबतं. पुष्कळ हा आकडा नाही. तुम्ही चिडता, ‘इकडे माणसं मरतायत आणि तुम्ही...’ वगैरे म्हणता. ते मला घरी, रेल्वेत आणि टेबलावर सगळीकडे ऐकायची सवय आहे. नस्ती ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत येते. हा शेरा म्हणजे नकार नाही. नकार यायला याहून जास्त काम करावं लागतं.

नेहमीच्या शंका

पगार किती? दवाखान्यापेक्षा कमी. वेळेवर? हो, कायम असाल तर.

घरी काय सांगावं? ‘सल्लागार’ म्हणावं. सासुरवाडीला हा शब्द चालतो.

सोसायटीतले लोक रात्री बेल वाजवायचे थांबतील का? नाही.

डॉक्टरांना ऐकून घेतात का? बीपी मोजताना, हो.

शेवटची सूचना

दवाखाना विकू नका. शनिवारची संध्याकाळ तरी चालू ठेवा. मी पाहिलेले डॉक्टर दोन प्रकारचे. एक दवाखाना बंद करून आले आणि दोन वर्षांत आमच्यासारखेच बोलू लागले. त्यांची टिपणी निर्दोष असते आणि तिची कुणाला गरज नसते. दुसरे अधूनमधून पेशंट तपासत राहिले आणि बैठकीत मध्येच ‘हे असं होत नाही’ म्हणू शकले. पुस्तिका आम्ही त्यांच्यापेक्षा चांगल्या वाचतो. काउंटरवर काय होतं ते आम्हाला ठाऊक नसतं.

उद्यापासून टेबलावर एक दोनशेपानी वही ठेवा. तीन रकाने आखा : लिहिलं किती दिवसांचं, घेतलं किती दिवसांचं, उरलेल्याची किंमत काय. नाव लिहू नका, काम लिहा : वॉचमन, कामवाली, पार्सल. केमिस्टला विश्वासात घ्या, तो सांगेल. पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या सुमारास तयार होतात, तेव्हा गणपतीच्या आत वही भरलेली हवी. घेऊन माझ्याकडे या, लाभार्थी किती ते आपण दोघे मिळून काढू. मी घरीच असतो. दुपारी दोन ते चार तेवढं येऊ नका, झोपतो.